बारा वाजता गायी नाचणार

मी एक जुनी गाय आहे. जटलंडच्या या भागातल्या दोन पिढ्यांना दूध कुठून येतं हे मी शिकवलं आहे. इथले डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, एक पाद्री आणि सध्याच्या नगराध्यक्ष बाई, या सगळ्यांनी लहानपणी माझ्या कासेखाली बसून धार काढलेली आहे. ज्ञानदानाचं एवढं मोठं कार्य या मुलखातल्या दुसऱ्या कुठल्याही गायीच्या हातून झालेलं नाही.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. माझ्या पोटात निळं प्लास्टिकचं पिंप आहे आणि त्यात नळाचं पाणी भरतात.

माझा जन्म क्रेस्टन नावाच्या शेतकऱ्याच्या हातून झाला. त्याच्याकडे डागमार नावाची खरीखुरी गाय होती. शाळेची मुलं सहलीला आली की तो डागमारला पुढे करायचा. एकदा तिने सहलीच्या बाईंना लाथ मारली. बाई वाचल्या, पण सहली बंद पडायची वेळ आली. तेव्हा क्रेस्टनने जुन्या गोठ्याच्या फळ्या काढल्या, कुंपणाच्या चार खांबांवर ठोकल्या, मध्ये पिंप आडवं बसवलं आणि वासरांना पाजायच्या बादलीची रबरी बोंडं खाली सड म्हणून लावली. शेपटी दोराची. कान बुटाच्या चामड्याचे, कारण घरात एक बूट उरला होता. मला नाव डागमारचंच दिलं. खऱ्या डागमारचं काय झालं, ते त्या वर्षीच्या गावजेवणात सगळ्यांनी आवडीने खाल्लं.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. मुलं रांग लावायची. सड ओढला की पाणी बादलीत पडायचं आणि मुलं किंचाळायची. एका मुलीने विचारलं होतं, "हे दूध थंड कसं?"

क्रेस्टन म्हणाला, "दुकानात गरम मिळतं का?"

तिला पटलं. मला तेव्हाच थोडं चुकल्यासारखं वाटलं होतं. पण मी जन्माची भाकड. कौतुक होत असताना भाकड गाय तोंड उघडत नाही.

क्रेस्टन गेला आणि शेत दोन मुलांत वाटलं गेलं. मधोमध एक अरुंद रस्ता होता, तीच हद्द ठरली. रस्त्यापलीकडे थोरला टागे. त्याने विमानतळासारखा लांबच लांब गोठा बांधला. त्यात शेकडो गायी, धार काढायला रोबोट, वैरण ढकलायला रोबोट, शेण सारायलाही रोबोट. गायी आत जन्मतात, आत वितात आणि तिथून एकदाच बाहेर पडतात, ट्रकमध्ये. रस्त्याअलीकडे धाकटा एस्किल. त्याने रासायनिक खत बंद केलं, फवारणी बंद केली, गायी चरायला सोडल्या आणि सेंद्रिय शेतीचा सरकारी लाल शिक्का मिळवला. वाटणीत मी एस्किलकडे आले. टागे म्हणाला होता, "तूच ठेव तिला. मला खऱ्या गायी पुरेत."

दोघं भाऊ भांडत नसत. नुसते टोमणे मारत. एस्किल म्हणे, "टागेच्या गायींना गवत फोटोत दाखवावं लागतं." टागे म्हणे, "एस्किलच्या गायी दिवसभर फिरायला जातात. दूध वेळ मिळाला तर देतात."

माझं म्हणाल तर वर्षातले बाकी सगळे दिवस मी अवजारांच्या शेडमध्ये उभी असायची. वर पाकोळ्यांची घरटी होती. पाकोळ्या काही माझ्याकडे आदराने बघत नसत, हे माझ्या पाठीकडे पाहिल्यावर कुणालाही कळलं असतं. एप्रिल आला की मला धुवायचे, काळे ठिपके पुन्हा रंगवायचे आणि कुरणावर फाटकाशेजारी उभं करायचे. कारण एप्रिलमध्ये नाच असतो.

आमच्याकडे थंडीभर गायी गोठ्यात असतात. एप्रिलच्या एका रविवारी, भर दुपारी बारा वाजता, सगळ्या सेंद्रिय शेतांवर एकाच वेळी फाटकं उघडतात. शहरातून लोक येतात. बाबागाड्या, झेंडे, शिदोऱ्या. सगळे मिळून उलटे आकडे मोजतात, फाटक उघडतं आणि गायी बाहेर येऊन नाचतात. थट्टा नाही. घरची चांगली वजनदार गाय मागचे दोन्ही पाय हवेत उडवते, शेपटी उभी करते आणि कोकरासारखी बागडते. मग मान खाली घालून चरायला लागते. लोक डोळे पुसतात आणि सॉसेजच्या रांगेत उभे राहतात. सॉसेज कशाचं, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

आता सिग्नेबद्दल सांगते. एस्किल आणि त्याची बायको तोवे यांची ही एकुलती एक मुलगी. टागेला मूलबाळ नाही. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारस एकच. चालता येण्याआधी ती माझा सड धरून उभी राहायला शिकली. पुढे ती शेतकीचं शिकायला गेली, शिकली आणि ज्या वसंतातली ही गोष्ट आहे, त्या वसंतात तिला काहीतरी ठरवायचं होतं. टागे तिला म्हणाला होता, "माझ्याकडे ये. पहाटे उठायचं नाही. रोबोट धार काढेल, तू कॉफी पी." एस्किल म्हणाला होता, "आपल्याकडे ये. आपल्या गायी नाचतात." त्याच्या बाजूने तेवढा एकच मुद्दा होता. कुठल्याशा कारखान्यातूनही तिला बोलावणं होतं. कसला कारखाना, ते तिने घरी सांगितलं नव्हतं आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं. "रविवारी नाचाला येते. सोमवारी तिन्हीकडे काय ते कळवते," एवढंच ती फोनवर म्हणाली.

तर एस्किलचं सगळं त्या रविवारवर होतं. त्याला फक्त गायी नाचायला हव्या होत्या.

आणि त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. मार्चमध्येच गवत घोट्याएवढं झालं. गायींना आतूनच वास लागला. दिवसभर हंबरायच्या, फाटकाला अंग घासायच्या, पाण्याला तोंड लावेनात. एस्किल तीन-चार दिवस कानात बोटं घालून फिरला. मग एका सकाळी घरातल्या चपला घालूनच आला आणि फाटक उघडलं. मी शेडच्या दारातून पाहिलं. गायी अशा नाचल्या, अशा नाचल्या की कुंपणाचा एक खांब मोडला. बघायला चिटपाखरू नव्हतं. एस्किल एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

तोवे स्वयंपाकघरातून बाहेर आली. "छान," ती म्हणाली. "आणि रविवारी कोण नाचणार? तू?"

एस्किलचे हात हवेतच राहिले.

गायी एकदाच नाचतात, मित्रांनो. थंडी संपल्याच्या आनंदात. पुन्हा आत कोंडून पुन्हा सोडलं तर त्या काही तेवढ्या भाबड्या नसतात. तरी एस्किलने करून पाहिलं. आठवडाभर आत ठेवल्या आणि एकदा तालीम घेतली. ग्रंथालयात पुस्तक परत करायला निघावं तशा गायी एकामागून एक बाहेर आल्या. एकीने तर मागे वळून 'हे काय चाललंय' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

तोवर गावाच्या तोंडाशी पाटी लागली होती: बारा वाजता गायी नाचणार. खाली बाणही होता.

नाचाच्या दोन दिवस आधी दोघं भाऊ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मला नुकतंच धुऊन बाहेर काढलं होतं. एस्किलने माझ्या पाठीवर कोपर टेकलं होतं.

"टागे, तुझ्या गायी कधीच बाहेर गेलेल्या नाहीत ना?"

"आता सुरू करू नकोस. सकाळपासून माझ्या गोठ्याचा पंखा बंद आहे."

"टोमणा नाही मारत. विचारतोय. मग त्या पहिल्यांदा बाहेर आल्या तर?"

टागेला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "म्हणजे माझ्या गायी तुझ्या फाटकातून नाचवायच्या? एस्किल, तू इतकी वर्षं मला गायींचा जेलर म्हणतोस."

"जेलर म्हणालो नाही कधी."

"गेल्या नाताळात म्हणालास. बदक कापताना."

"बरं, म्हणालो. देतोस का?"

"देतो की. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस." टागेने माझ्या चामड्याच्या कानावर टिचकी मारली. "पण तुझ्या माझ्याकडे राहतील. त्यांनाही जरा सुट्टी मिळू दे."

शनिवारी गावात एका मुलीचं कन्फर्मेशन होतं, म्हणजे वयात येणाऱ्या मुलांचा चर्चमधला दीक्षेचा सोहळा. चर्च झालं की सगळं गाव सभागृहात जेवायला बसतं आणि आमच्याकडे असं जेवण संध्याकाळपर्यंत चालतं, कारण प्रत्येक पदार्थामागून कुणीतरी स्वतः रचलेलं गाणं असतं आणि ते सगळ्यांनी म्हणायचं असतं. अख्खं गाव टेबलाशी अडकलेलं. दोघं भाऊ भाजलेल्या मांसानंतर उठले ते थेट इथे. सूट, टाय आणि गमबूट. टागेच्या ट्रकने त्याच्या तरण्या गायी इकडे आणल्या, एस्किलचा लहानसा कळप तिकडे नेला. टागेच्या गायींच्या गळ्यात रोबोटला ओळख पटावी म्हणून पट्टे असतात, ते त्यांनी काढून घेतले. दोघं आइस्क्रीम वाढायच्या आत जेवणाला परतले. तोवेने नंतर ऐकवलं ते मी ऐकलं: "तुमच्या शेणाच्या वासाने सगळं टेबल नाकाला रुमाल लावून बसलं होतं. त्या पोरीला वाटलं गाणं आवडलं नाही म्हणून. रडायला लागली होती बिचारी."

रविवार उजाडला. ऊन पडलं. ऑर्हूस शहरातून आलेल्या गाड्यांनी शेजारचं शेत भरून गेलं. माझ्या मानेत फुलांची माळ होती. सिग्ने पाठीवर पिशवी घेऊन बसथांब्यावरून चालत आली, आईला मिठी मारली आणि गर्दीत पुढे जाऊन कुंपणाला टेकून उभी राहिली. एस्किलने तिच्याकडे पाहून हात केला. माणूस परीक्षेला बसलेल्या मुलासारखा दिसत होता.

तोवेच्या हातात माईक होता. "तयार?" ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखीचा नव्हता. लोकांनी आकडे मोजले. एस्किलने फाटक उघडलं.

काहीच झालं नाही.

गोठ्याचं सिमेंट जिथे संपतं आणि गवत सुरू होतं, त्या रेघेवर टागेच्या गायी येऊन थांबल्या. वर आकाश होतं. ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या गायीने नाक खाली नेलं, गवताचा वास घेतला आणि दोन पावलं मागे सरली. मागची तिच्यावर आदळली. मग सगळ्या गप्प उभ्या राहिल्या. झेंडे खाली आले. कुठेतरी एक तान्हं मूल रडत होतं, तेवढाच आवाज.

मित्रांनो, त्या गायींची लाज मला वाटली नाही. त्यांना कुणी शिकवलं होतं? लाज वाटली ती त्यांच्या मागे उभं राहून हळूच ढकलणाऱ्या एस्किलची. ज्या माणसाने मार्चमध्ये चपला घालून येऊन फाटक उघडलं होतं, तोच हा माणूस आता परक्या गायीच्या पाठीला खांदा लावून "चल ना बाई, चल ना" म्हणत होता.

तेवढ्यात गर्दीतला एक चष्मेवाला मोठ्याने म्हणाला, "बघा! आत इतक्या सुखात आहेत की बाहेर यायलाच तयार नाहीत! याला म्हणतात सेंद्रिय!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

"आमचे हेही असेच," एक बाई शेजारणीला म्हणाल्या. "सोफ्यावरून हलत नाहीत. मी त्याला सुख समजत नव्हते."

तोवेने माईक तोंडापासून लांब धरला, एक श्वास घेतला आणि पुन्हा जवळ आणला. "मुलांनो, गायी जरा लाजताहेत. तोवर डागमारची धार काढूया का?"

आणि रांग लागली. आजवर लागली नव्हती एवढी मोठी. मुलांनी माझे सड ओढले, आईबापांनी फोटो काढले, एक आजोबा माझ्या गळ्यात हात घालून म्हणाले, "हीच खरी गाय." पिंप दोनदा भरावं लागलं. त्या दिवशी त्या कुरणावर उभी असलेली एकमेव गाय मी होते. एवढं कौतुक आयुष्यात झालं नाही आणि एवढं मेल्याहून मेल्यासारखंही कधी वाटलं नाही. लाकडाला लाज वाटते, यावरून काय ते समजा.

सिग्ने टाळ्या वाजवत नव्हती. ती कुंपण ओलांडून गायींपाशी गेली, एकीच्या मानेवरून हात फिरवला, दुसरीच्या फिरवला आणि बापाला घेऊन माझ्या मागच्या बाजूला आली.

"बाबा, या गायी कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? आपल्याच."

"आपल्या गायींच्या मानेवर पट्ट्याचा वळ कधीपासून यायला लागला?"

एस्किल माझ्या शेपटीकडे बघत राहिला. "टागेच्या आहेत."

"आणि आपल्या?"

"टागेकडे."

"का?"

"नाचाव्यात म्हणून."

"आपल्या नाचल्या नाहीत?"

"नाचल्या ना!" त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "मार्चमध्ये. गवत आलं होतं, ओरडत होत्या गं, मला ऐकवेना. सोडल्या. खांब मोडला त्यांनी, तो बघ तो."

सिग्नेने खांबाकडे पाहिलं. "मग हे सांगायचं ना लोकांना. माईक होता की."

"पाटी लागली होती," एस्किल म्हणाला. "बारा वाजता म्हणून."

समोर एक छोटी मुलगी माझा सड ओढत होती आणि ओरडत होती, "आई, दूध आलं!"

संध्याकाळी गाड्या गेल्या. एस्किल आपल्या गायी आणायला रस्त्यापलीकडे गेला. टागे आपल्या न्यायला ट्रक घेऊन इकडे आला. ट्रक लावला आणि मुलांसाठी ठेवलेल्या माझ्या शेजारच्या तिपाईवर जरा टेकला. फाटक उघडंच होतं. आता समोर माणसं नव्हती, झेंडे नव्हते, मोजणारं कुणी नव्हतं.

पुढच्या गायीने पुन्हा नाक खाली नेलं. एक पाय गवतावर ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. मग दुसरा. मग तिच्या अंगात काय आलं कोण जाणे, ती आडवी-तिडवी धावत सुटली आणि तिच्या मागून सगळ्या. काही पडल्या, उठल्या, पुन्हा उधळल्या. एक माझ्यावर येऊन आदळली आणि माझा एक कान गेला. मला काही वाटलं नाही.

टागे तिपाईवर बसून होता. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो म्हणाला, "असं होय."

मग त्याला फाटकाशी उभी सिग्ने दिसली. त्याने घाईघाईने टोपी घातली. "तू काही पाहिलं नाहीस."

"नाही टागेकाका."

"धूळ फार आहे तुमच्याकडे."

"गवत आहे काका. धूळ कुठली?"

तेवढ्यात एस्किल रिकाम्या हाताने परत आला. रस्त्यातच थबकला. कुरणाकडे त्याने पाहिलं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"येत नाहीत," तो म्हणाला.

"कोण?"

"माझ्या. तो तुझा फिरता ब्रश आहे ना, अंग खाजवायचा? त्याच्याखाली रांग लावून उभ्या आहेत. थोरलीने डोळे मिटून घेतलेत. मी हाक मारली तर एक डोळा उघडला आणि परत मिटला." तो थांबला. "मी कधी त्यांना ब्रश लावला नाही. मला वाटायचं, झाड आहे की घासायला."

एरवी टागेने एवढ्यावर वर्षभर पुरतील इतके टोमणे काढले असते. एक भाऊ माझ्या या बाजूला, एक त्या बाजूला. एकाला आपल्या गायींना गवत न दिल्याची लाज वाटत होती, दुसऱ्याला आपल्या गायींना गवताशिवायही काही हवं असेल हे कधी न सुचल्याची. आणि दोघांनाही ती दुसऱ्याला कळू द्यायची नव्हती. मी मध्ये उभी होते. अशा वेळी लाकडी असणं बरं असतं.

तोवे दारातून ओरडली, "धारेची वेळ झाली! आणि सकाळसारखंच, टागेच्या गायींचं दूध आपल्या टाकीत जाणार नाही. त्या टाकीवर लाल शिक्का आहे!"

एवढी एक गोष्ट त्या घरात कुणी मोडली नसती. दूध काढलं सिग्नेने. मग ते सगळं, कोमट, फेसाळ, शेणाच्या खड्ड्यात ओतलं. बादल्या विसळल्या. परत येताना ती माझ्याजवळ थांबली, पडलेला चामड्याचा कान उचलला, ठोकायला खिळा शोधला, सापडला नाही, तेव्हा तो माझ्या पाठीवरच ठेवून आत गेली.

सोमवारी गायींची अदलाबदल झाली. पुढे एस्किलने गोठ्यात ब्रश लावला, जुना, कुणाकडून तरी घेतलेला, तो मध्येच अडकतो. टागेने कुंपणासाठी खांब मागवले. ते अजून त्याच्या गोठ्यामागे रचून ठेवलेले आहेत, पण मागवले खरे. पाटी काढायची राहून गेली. पावसाने धुऊन तिच्यावर 'बारा वाजता' एवढंच उरलं आहे.

मित्रांनो, जाता जाता एक विनंती. दुधाच्या पाकिटावर हिरव्या कुरणात उभी असलेली, हसणारी गाय असते ना, तिच्याकडे एकदा नीट बघा. कधी तरी ती माझीच बहीण असेल. तिला विचारा, तुझं कुरण कुठे आहे आणि तू त्यावर शेवटची कधी गेलीस. उत्तर आलं नाही तर शेतावर जाऊन शेतकऱ्याला विचारा. पण बारा वाजताच नाच दाखव, असं त्याला म्हणू नका. गायीला बाहेर केव्हा जायचंय ते तिला ठरवू द्या, तुम्ही नंतर आलात तरी चालेल. आणि आलात तर मला थोडा रंग लावा. कान नाही लागला तरी हरकत नाही.

सिग्नेने सोमवारी दोन्हीकडे नाही म्हणून सांगितलं. ती आता देशाच्या दुसऱ्या टोकाला ओट्सपासून दूध बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तिथे गायी लागत नाहीत.